तूप गेले, तेल अजून फळीवर आहे

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"मी मूळची सांगलीची, वय चौतीस. फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या निवास परवान्यावर) दक्षिण जर्मनीतल्या एका शहरात सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आले. सहा महिन्यांनी नवरा आला. तीन वर्षांत नागरिकत्व मिळू शकेल असा कायदा २०२४ मध्ये झाला, तेव्हा मी पीआरच्या, म्हणजे कायमच्या निवास परवान्याच्या, मागे न लागता थेट त्याच तयारीला लागले. नोकरी सांभाळून रात्री जर्मन शिकले आणि सी-वनची, म्हणजे वरच्या पातळीची, परीक्षा उत्तीर्ण झाले. मला तीन वर्षे पूर्ण व्हायला साडेतीन महिने उरले असताना तो नियमच रद्द झाला. माझे कार्ड आता एप्रिलअखेर संपते आहे, कारण पासपोर्टही तेव्हाच संपतो. इथल्या परदेशी नागरिक कार्यालयाने ईमेलवर टर्मिन (भेटीची वेळ) देणे बंद करून पोर्टल सुरू केले आहे आणि त्या पोर्टलवर मोकळी टर्मिन मला आजवर एकदाही दिसलेली नाही. एका बाईंनी मागितलेले कागद घेऊन गेले, तर दुसऱ्या खिडकीवरच्या गृहस्थांनी भलतेच कागद मागितले. ब्लू कार्डाची पगाराची अट यंदा ५०,७०० युरो झाली आहे आणि माझा पगार ४८,००० आहे. माझ्यानंतर वर्षभराने आलेला सहकारी आपल्या आईवडिलांना इथे आणतो आहे. माझी आई सांगलीत एकटी आहे, तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया व्हायची आहे, आणि मला मात्र 'तुम्ही त्या नियमात बसत नाही' असे उत्तर मिळाले. नवरा म्हणतो, पुण्याला परत जाऊ. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले, अशी आमची गत झाली आहे. दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या नियमांवर माणसाने संसार कसा उभा करायचा?" — म.

प्रिय म. यांस,

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्यातल्या म्हणीपाशी थांबलो, कारण ती तुम्ही अर्धीच बरोबर वापरली आहे. तुमचे तूप गेले हे खरे आहे. तेल मात्र फळीवर होते तसेच आहे, आणि गेले चौदा महिने तुम्ही त्याच्याकडे हात नेलेला नाही.

ब्लू कार्डावर नोकरी करणाऱ्याला कायमस्वरूपी निवास परवाना, म्हणजे ज्याला आपण सगळे पीआर म्हणतो ती नीडरलासुंग्सएरलाउबनिस, सत्तावीस महिन्यांनंतर मिळण्याचा हक्क असतो आणि त्यासाठी ए-वनइतकी जुजबी जर्मन पुरते. बी-वनपर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, जर्मन येत असेल, तर ही मुदत एकवीस महिन्यांवर येते. तुम्ही फेब्रुवारी २०२३ पासून सलग नोकरीत आहात, निवृत्तिवेतनाचा हप्ता दरमहा पगारातून कापला जातो आहे, आणि तुमची भाषा तर सी-वनपर्यंत पोहोचली आहे. नोव्हेंबर २०२४ च्या सुमारास एकवीस महिन्यांची अट तुम्ही पूर्ण केलीत. त्या वेळी अर्ज केला असता, तर आज तुमचे पत्र बहुधा आईच्या गुडघ्यापुरतेच असते. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागण्याची चूक झाली, हे स्पष्ट लिहितो, कारण या सगळ्या प्रकरणात दुरुस्त करणे तुमच्या हातात असलेली गोष्ट तीच आहे. बाकीचे निर्णय बर्लिनमध्ये होतात.

गेलेल्या तुपाविषयी थोडे बोलून तो विषय बाजूला ठेवू. नागरिकत्वाचा सुधारित कायदा २७ जून २०२४ रोजी लागू झाला. त्याने नेहमीची मुदत आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आणली आणि विशेष कर्तृत्व दाखवणाऱ्यांसाठी तीन वर्षांची वाट उघडली. सरकार बदलल्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये संसदेने ती तीन वर्षांची वाट बंद केली. पाच वर्षांची वाट मात्र तशीच राहिली आहे, आणि आजच्या कायद्याप्रमाणे तुम्ही फेब्रुवारी २०२८ मध्ये अर्ज करू शकाल. साडेतीन महिन्यांनी हुकल्याचा सल मी समजू शकतो. त्यावर 'जाऊ द्या हो' असे म्हणणार नाही, कारण रात्री अकराला क्रियापदांची रूपे घोकणाऱ्या माणसाला तसे म्हणणे अपमानकारक आहे. पण एक प्रश्न विचारतो. जर्मन नागरिकत्व घेतले की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, कारण जर्मनीने दुहेरी नागरिकत्वाला मुभा दिली असली, तरी भारताने ती दिलेली नाही. आई सांगलीत एकटी आणि नवऱ्याचे मन पुण्यात, अशा स्थितीत हा निर्णय फेब्रुवारी २०२६ मध्ये घेण्याइतका तुमच्या घरात खरोखर पिकला होता का? माझ्याकडे इथल्या पंचवीस वर्षांनंतरही भारतीय पासपोर्टच आहे आणि कायमच्या परवान्यावर माझे काही अडलेले नाही. अर्थात हा माझा स्वभाव झाला, तुम्ही तो घ्यावा असे नाही.

मी इथे आलो तो काळ सांगतो, कारण नियम आताच बदलू लागले आहेत असा तुमच्या पत्राचा सूर आहे. संगणक तज्ज्ञांसाठी जर्मनीने ऑगस्ट २००० मध्ये 'ग्रीन कार्ड' नावाची योजना काढली. वीस हजार माणसे घ्यायची, जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी, आणि पुढे काय याचे उत्तर कोणापाशी नव्हते. त्याच वर्षी एका प्रांताच्या निवडणुकीत 'भारतीय नकोत, मुले हवीत' अशा आशयाची यमकबद्ध घोषणा गाजली होती. पाच वर्षे संपली की गाशा गुंडाळायचा असे धरून आम्ही भाड्याच्या घरात धड पडदेही लावले नव्हते. २००५ च्या जानेवारीत नवा निवास कायदा लागू झाला आणि आमच्यातल्या अनेकांना राहण्याचा मार्ग सापडला. तोही नियमबदलच होता, पण आपल्या बाजूने होणाऱ्या बदलाला आपण बदल म्हणत नाही, त्याला 'झाले एकदाचे' म्हणतो.

तुमच्याही बाबतीत असे घडले आहे. तुम्ही आलात तेव्हा ए-वनवाल्यांसाठी पीआरची मुदत तेहतीस महिने होती, ती नोव्हेंबर २०२३ मध्ये सत्तावीस झाली. पूर्वी ब्लू कार्डावर पहिली दोन वर्षे नोकरी बदलायची तर कार्यालयाची परवानगी लागे. आता आधी परवानगी लागत नाही, पहिल्या बारा महिन्यांत मात्र कार्यालय तो बदल तपासून नाकारू शकते. तुमच्या धास्तीचा आकडाच घ्या. तुम्ही आलात तेव्हा ब्लू कार्डाची सर्वसाधारण पगाराची अट ५८,४०० युरो होती आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ती एकदम ४३,८०० वर उतरली. तुमच्या ओळखीतल्या कोणी त्या आठवड्यात पेढे वाटल्याचे मला वाटत नाही.

त्या आकड्यामागचे गणित एकदा समजले की दर जानेवारीत पोटात गोळा यायचा थांबेल. जर्मनीत निवृत्तिवेतनाचा हप्ता ज्या पगारापर्यंत आकारला जातो, ती कमाल मर्यादा दरवर्षी देशातल्या वेतनवाढीनुसार नव्याने ठरते, आणि २०२६ साठी ती वर्षाला १,०१,४०० युरो आहे. ब्लू कार्डाची सर्वसाधारण अट म्हणजे या रकमेचा निम्मा भाग, म्हणून ५०,७००. ज्या व्यवसायांत माणसांचा तुटवडा आहे त्यांच्यासाठी तिच्या ४५.३ टक्के, म्हणजे सुमारे ४५,९३४ युरो. सॉफ्टवेअरचे काम तुटवड्याच्या यादीत आहे, म्हणून तुमचे ४८,००० पुरेसे आहेत. शिवाय पीआरसाठी हा आकडा लागतच नाही, तिथे घरखर्च स्वतःच्या कमाईतून भागतो आहे एवढेच दाखवावे लागते. ज्या अटीने तुमची झोप उडवली, ती तुम्हाला आता ज्या दाराने आत जायचे आहे त्या दारावर लावलेलीच नाही.

आता एप्रिलकडे येतो, कारण खरी घाई तिथे आहे. टर्मिन मिळणे आणि अर्ज करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकच आहेत असे समजून आपली माणसे विनाकारण रक्त आटवतात. निवास कायद्याचे ८१ वे कलम सांगते की, जुन्या परवान्याची मुदत संपण्यापूर्वी मुदतवाढीचा किंवा नव्या परवान्याचा अर्ज दाखल झाला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना त्यातल्या नोकरीच्या हक्कासकट चालू असल्याचे मानले जाते. तुमचा अर्ज कार्यालयात कोणत्या दिवशी पोहोचला, ते महत्त्वाचे. तुम्हाला खुर्चीवर बसवून ठसे केव्हा घेतले, याला इथे महत्त्व नाही. पोर्टलवर पीआरचा अर्ज भरण्याची सोय असेल तर तो आजच भरा आणि पोचपावतीचे चित्र साठवून ठेवा. ती सोय नसेल, तर साध्या कागदावर तुमचे नाव, जन्मतारीख, कार्डाचा क्रमांक आणि 'मी १८सी कलमाच्या दुसऱ्या परिच्छेदाखाली कायमस्वरूपी निवास परवान्यासाठी आणि तो नाकारला गेल्यास ब्लू कार्डाच्या मुदतवाढीसाठी अर्ज करीत आहे' एवढे वाक्य जर्मनमध्ये लिहा, सही करा आणि नोंदणीकृत टपालाने पाठवा. त्याच्या जोडीला फॅक्सही करा. हसू नका. ज्या देशात चंद्रावर पोहोचणाऱ्या यंत्रांचे सुटे भाग बनतात, त्या देशातल्या कचेऱ्यांत फॅक्सच्या पोचपावतीला अजून मान आहे, आणि माझ्या घरातला तो जुनाट डबा मी त्यासाठीच टाकलेला नाही. मुदत संपल्यानंतर एक दिवस उशिरा केलेल्या अर्जाला मात्र हे संरक्षण आपोआप मिळत नाही, त्या वेळी कार्यालयाच्या दयेवर राहावे लागते. तेव्हा मार्चअखेरपर्यंत टर्मिनची वाट पाहत बसू नका.

या मधल्या काळासाठी कार्यालय जो तात्पुरता कागद देते, त्याला फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग म्हणतात. तो हातात पडला की त्यावर ८१ व्या कलमाचा चौथा परिच्छेद नोंदलेला आहे ना, हे खिडकीवरच पाहा. चौथ्यावर नोकरी चालू राहते आणि भारतात जाऊन परत येता येते, तिसऱ्यावर मात्र बाहेर जाऊन पुन्हा प्रवेश मिळत नाही. एका चौकटीत चुकून पडलेल्या फुलीसाठी माणसे मुंबईत अडकू शकतात. सांगलीला जावे लागले तर हा कागद, संपलेले कार्ड आणि पासपोर्ट तिन्ही बरोबर ठेवा, आणि तिकीट शक्यतो थेट विमानाचे घ्या, कारण मधल्या विमानतळावरच्या कर्मचाऱ्याला हा जर्मन कागद ओळखीचा असेलच असे नाही. कागदाची एक प्रत तुमच्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला द्या, म्हणजे मे महिन्यात त्यांचा घाबरलेला ईमेल यायचा नाही.

पासपोर्टचे काम याच आठवड्यात सुरू करा. निवास कार्डाची मुदत पासपोर्टच्या मुदतीपलीकडे सहसा जात नाही, हे तुम्ही अनुभवले आहेच. नवा पासपोर्ट हाती येण्यासाठी अर्ज थांबवू नका. जुना अजून वैध आहे, त्याच्यावर अर्ज दाखल करा, नूतनीकरणाची पावती जोडा आणि नवा आला की त्याची प्रत पाठवा. रद्दचा शिक्का मारून परत आलेला जुना पासपोर्ट फेकू नका, कारण तुमचा पहिला व्हिसा त्यातच आहे आणि तुम्ही या देशात केव्हापासून आहात याचा तोच पहिला पुरावा.

दोन खिडक्यांवर दोन वेगळ्या मागण्या झाल्या, याबद्दल तुम्ही रागावल्या आहात, आणि त्यात नवल नाही. मला मात्र त्या खिडकीमागच्या माणसाचीही थोडी दया येते. कायदा सगळ्या देशाला एक असला, तरी तो राबवणारी कार्यालये पाचशेहून अधिक आहेत. ती प्रांतांच्या, शहरांच्या आणि जिल्ह्यांच्या अखत्यारीत येतात, प्रत्येकाची यादी निराळी, आणि नोव्हेंबर २०२३, मार्च २०२४, जून २०२४ असे एकामागून एक बदल त्यांच्या टेबलावरही येऊन आदळले. 'सरकारी काम, सहा महिने थांब' ही आपली म्हण जर्मनांनी ऐकली तर त्यांना ती त्यांचीच वाटेल. म्हणून तोंडी सांगण्यावर घर बांधू नका. कागदांची यादी ईमेलने किंवा पत्राने मागा, मिळाली की छापून फाइलच्या पहिल्या पानावर लावा, आणि तिच्याबाहेरचा कागद कोणी मागितला तर तो कोणत्या कलमाखाली हवा आहे असे शांतपणे विचारा. तुमची जर्मन सी-वनची आहे. त्या रात्री फुकट गेल्या असे तुम्हाला आज वाटत असेल, पण त्या खिडकीसमोर त्यांचा मोबदला वसूल होतो.

फाइलमध्ये काय असावे ते थोडक्यात लिहितो. निवृत्तिवेतन विमा संस्थेकडून भरलेल्या हप्त्यांचा उतारा विनामूल्य मिळतो, तो सगळ्यात आधी मागवा, कारण यायला वेळ लागतो. अलीकडच्या वेतनपावत्या, नोकरी चालू असल्याचे कंपनीचे पत्र, आरोग्य विम्याचा दाखला, घराचा भाडेकरार आणि भाषेचे प्रमाणपत्र हे नेहमीचे आहेत. जर्मनीतल्या कायद्याची आणि समाजव्यवस्थेची प्राथमिक माहिती आहे हेही दाखवावे लागते. तुम्ही नागरिकत्वासाठी तेहतीस प्रश्नांची ती परीक्षा दिलीच असेल, तर तेच प्रमाणपत्र इथे चालेल. नागरिकत्वाला सतरा उत्तरे बरोबर लागतात, इथे पंधरा पुरतात.

अर्ज नीट दाखल होऊनही तीन महिने काहीच हालचाल झाली नाही, तर आधी एक लेखी आठवण करा, तिच्यात पंधरा दिवसांची मुदत द्या, आणि तरीही शांतता असेल तर प्रशासकीय न्यायालयात निष्क्रियतेविरुद्ध दावा दाखल करता येतो. दाव्याचे नाव काढले की आपल्याकडच्या माणसाला वाटते, साहेब डूख धरतील. इथे तसे सहसा होत नाही. हा दावा कार्यालयाला रोजचाच असतो आणि पुष्कळदा सुनावणीपूर्वीच फाइल हलते. तरी वकिलाचा खर्च आणि मनस्ताप लक्षात घेता ही शेवटची पायरी समजा.

आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप गटांवरच्या वार्तांविषयी एवढेच सांगतो की, 'मला सहा आठवड्यांत मिळाले' हे वाक्य त्या माणसाच्या शहरापुरते, त्या महिन्यापुरते आणि त्या टेबलापुरते खरे असते. गट मुळीच सोडू नका, घर, डॉक्टर आणि गणपतीची मूर्ती कुठे मिळेल हे तिथेच कळते. येऊ घातलेल्या कायद्याच्या बातमीवर मात्र स्वतःचा अर्ज पुढे-मागे करू नका. तीन वर्षांच्या नागरिकत्वाच्या बाबतीत तुम्ही तेच केले होते.

आता तुमच्या नवऱ्याविषयी. त्यांचा परवाना तुमच्या परवान्याच्या शेपटीला बांधलेला आहे, म्हणून त्यांचाही मुदतवाढीचा अर्ज तुमच्याबरोबर त्याच लिफाफ्यात गेला पाहिजे. पुष्कळ जोडपी इथेच चुकतात, एकाचे काम होते आणि दुसऱ्याची तारीख निघून जाते. तुम्हाला पीआर मिळाली की त्यांनाही लवकर ती मिळण्याची सोय मार्च २०२४ पासून आहे. त्यांच्या परवान्याला तीन वर्षे झालेली असावीत, आठवड्याला किमान वीस तास नोकरी असावी आणि बी-वन झालेले असावे, शिवाय नेहमीच्या काही अटी असतातच, पण निवृत्तिवेतनाचे साठ हप्ते भरण्याची अट त्यांना लागत नाही. त्यांची तीन वर्षे ऑगस्टच्या सुमारास भरतील. त्यांची जर्मन कुठवर आली आहे याबद्दल तुमचे पत्र काहीच बोलत नाही, आणि पुण्याला परत जाण्याच्या विषयाचे मूळ थोडेफार तिथे असावे अशी मला शंका आहे. बायको सी-वन होऊन ऑफिसात विनोद करते आणि नवऱ्याला बेकरीत बोट दाखवून पाव मागावा लागतो, अशी घरे मी पाहिली आहेत. तसे असेल तर त्यांचा राग इमिग्रेशनवरचा नाही, आणि तुम्ही त्यांच्याशी नियमांविषयी वाद घालून काही साधणार नाही.

परत जाणे यात हार आहे असे मी मुळीच मानत नाही. पैशांचा हिशेब त्यासाठी अडून राहू नये म्हणून सांगतो: निवृत्तिवेतनाचे हप्ते साठ महिन्यांपेक्षा कमी भरले असतील, तर युरोपीय संघाबाहेर जाऊन चोवीस महिने झाल्यावर तुमच्या वाट्याची रक्कम परत मागता येते. साठ महिने भरले असतील, तर २०१७ पासून लागू असलेल्या भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करारामुळे निवृत्तिवेतन पुढे भारतात मिळू शकते. तुमच्या वाट्याचे काही बुडत नाही. फक्त कार्ड संपत आलेले असताना आणि टर्मिन मिळत नसताना हा निर्णय घेऊ नका, कारण त्या दिवसांत माणूस पुण्याकडे ओढला जात नाही, पोर्टलपासून पळत असतो.

आईबद्दलचा नियम तुमच्यावर अन्याय करतो, हे मी मान्य करतो. १ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर ज्यांना कुशल कामगार म्हणून पहिला परवाना मिळाला, त्यांनाच आईवडिलांना आणि सासूसासऱ्यांना राहायला आणण्याची ही वाट खुली झाली. तुम्ही त्याआधी वर्षभर आलात, म्हणजे आधी येऊन कर भरत राहिल्याबद्दल मागे राहिलात. या तारखेला आज तरी पळवाट नाही, आणि कोणी एजंट 'करून देतो' म्हणाला तर त्याला दारातूनच नमस्कार करा. पण सहकाऱ्याचा रस्ताही तुम्हाला वाटतो तितका रुंद नाही. त्याला आईवडिलांचा पूर्ण खर्च आणि पूर्ण आरोग्य विमा दाखवावा लागतो. इथल्या सरकारी विम्यात अशा वृद्धांना सहजी घेत नाहीत आणि उतारवयातल्या माणसाचा खासगी विमा म्हणजे दरमहा मोठा खड्डा. गुडघा दुखत असलेल्या आईसाठी तो विमा काढायला निघालात, तर विमा कंपनी पहिला प्रश्न गुडघ्याचाच विचारील.

शस्त्रक्रिया सांगलीतच होऊ द्या, असे माझे मत आहे. तिथे तिची भाषा बोलणारे डॉक्टर आहेत, शेजारी आहेत, मिरजेसारखे दवाखान्यांचे गाव हाकेच्या अंतरावर आहे. तुम्ही जा. गुडघ्यानंतरचे पहिले सहा आठवडे ते तीन महिने माणूस लागते, आणि तेवढ्यासाठी परवान्याला धोका नाही. ब्लू कार्डवाल्याला आणि त्याच्या कुटुंबाला सलग बारा महिन्यांपर्यंत बाहेर राहता येते, पीआर झाल्यावर मात्र ही मुदत सहा महिने होते. जास्त लागणार असेल, तर निघण्यापूर्वी कार्यालयाकडून वाढीव मुदत लेखी मागून घ्यायची. नोकरी सोडून, घर रिकामे करून, पत्त्याची नोंदणी रद्द करून गेलात, तर महिने मोजण्याची वेळच येणार नाही, परवाना जाण्याच्या दिवशीच संपल्याचे धरले जाऊ शकते. म्हणून बिनपगारी रजा घ्या, घराची किल्ली आणि भाडेकरार चालू ठेवा. आई बरी झाली की तिला भेटीच्या व्हिसावर, एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवस या हिशेबाने, इथे आणता येईल. त्यासाठी खर्चाच्या हमीचे पत्र याच कार्यालयातून घ्यावे लागते आणि त्याचीही टर्मिन लागते, तेव्हा ती आत्ताच शोधायला लागा. उन्हाळ्यात आणा. नोव्हेंबरात आणलेल्या आया तिसऱ्या आठवड्यात 'मला घरी सोड' म्हणतात, हे माझ्या आईने मला शिकवले आहे.

शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वी अर्ज टपालात पडलेला असू द्या. मागच्या पाचसहा महिन्यांत कार्यालयाकडून काही लेखी उत्तर आले असेल, तर त्याची प्रत नाव आणि क्रमांक झाकून मला पाठवा, त्यांनी नेमके कोणते कलम लावले आहे ते मला पाहायचे आहे.

आपला,
सदरलेखक